सेल्फ मारताच गाडीची सगळी वीज जाते? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

जुलैतली पहाट, चिपळूण. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी सांगलीला न्यायचं होतं आणि कुंभार्ली घाटात वाहनं वाढायच्या आत वर चढायचं, म्हणून पाचला निघायचा बेत होता. चावी पहिल्या खटक्यापर्यंत फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे लागले. पुढे फिरवली. एकदाच 'टक्' असा आवाज आला आणि गाडी मेल्यासारखी झाली. सेल्फ फिरला नाही एवढंच नव्हे, तर केबिनचा दिवा, घड्याळ, सेंट्रल लॉक, सगळंच गेलं. चावी मागे घेतली तरी काही परत येईना. बॉनेट उघडून बॅटरीची काळी वायर जरा हलवली, तर दिवे लख्ख लागले आणि घड्याळ १:०० वर येऊन बसलं.

बॅटरी पाचच महिन्यांची होती. ती याच तक्रारीसाठी बदलली होती. दुकानात पुन्हा दाखवली असती तर कदाचित पुन्हा तीच बदलायला सांगितली असती. त्या रविवारी व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात दोष सापडला. बॅटरी पहिल्या दिवसापासून निर्दोष होती. ज्या क्रमाने मी तो शोधला, तोच क्रम इथे सविस्तर देतो आहे. घरच्या घरी करता येतो, आणि गॅरेजमध्ये गेलात तरी 'हे मोजून बघा' असं नेमकं सांगता येतं.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या

गच्चीवरच्या टाकीचा मुख्य पाइप कचऱ्याने जवळजवळ तुंबलाय असं समजा. बेसिनचा नळ बारीक सोडला तर पाणी व्यवस्थित येतं, टाकी भरलेली आहे असंच वाटतं. पण खालच्या मजल्यावरचा मोठा कॉक उघडला की घरातल्या सगळ्याच नळांचं पाणी जातं. टाकी मात्र भरलेलीच असते.

गाडीत हेच घडतं. केबिनचा ५ वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट घेतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. बॅटरीच्या पोलवर (वायर बसते त्या खुंटावर) किंवा वायरीच्या टोकाला एक ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तर बल्बला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचे जेमतेम ०.४ व्होल्ट कमी होतात. पण चावी फिरवून सेल्फ जोडला की बारापैकी जवळजवळ सगळे व्होल्ट त्या एका सांध्यातच खर्च होतात. सेल्फला आणि त्याच्यासोबत बाकी सगळ्या गाडीला उरतो एखादा व्होल्ट. म्हणून अंधार.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दिवे छान लागतात म्हणजे वायरिंग ठीक आहे असं नाही. दुसरी, मीटरचा 'बीप' वाजवून बघणं इथे निरुपयोगी आहे, कारण एक ओहमलाच काय, वीस ओहमलाही तो आनंदाने वाजतो. दोष पकडायचा तर भार चालू असताना, म्हणजे कुणीतरी चावी फिरवत असताना मोजायला हवं. या लेखातलं बाकी सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

हाताशी काय हवं

काही शे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मीटर, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, खायचा सोडा, जुना टूथब्रश, व्हॅसलीन. आणि चावी फिरवायला एक माणूस. माझ्याकडे मुलगी बसली होती.

सुरू करण्याआधी अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पाना किंवा अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये अडकली तर क्षणात लालबुंद होते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ सिगारेट, काडी, ठिणगी नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. चाचणी चालू असताना इंजिन चालू होऊन जाऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्याची जागा छापलेली असते. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून जास्त मारायचा नाही आणि मध्ये मिनिटभर थांबायचं.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, सायलेन्सर किंवा एअर फिल्टरपर्यंत पाणी आलं होतं, तर यातलं काहीच करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी टो करूनच न्यायची.

पायरी १: काय जातं आणि काय राहतं ते बघा

मीटर लावण्याआधी डोळ्यांनी बघा. केबिनचा दिवा दार उघडं ठेवून चालू ठेवा आणि चावी फिरवा. हेडलाइट, ब्लोअर, रेडिओ यांच्यावर जाऊ नका. सेल्फ मारताना यातलं काही ना काही बऱ्याच गाड्यांत मुद्दामच बंद केलेलं असतं.

दिवा मंद होत जातो, 'टकटकटकटक' असा आवाज येतो आणि चावी सोडताच दिवा पूर्ववत होतो: बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दिवा लख्ख राहतो, पण फक्त एक 'टक्' होतो आणि सेल्फ फिरत नाही: दोष सेल्फच्या स्वतःच्या वाटेवर आहे. सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा, विजेवर चालणारा स्विच), कार्बन (सेल्फच्या आत घासणारे ब्रश), सेल्फकडे जाणारी जाड वायर किंवा इंजिनची अर्थ पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी वायर).

केबिनचा दिवा आणि हॉर्न चालू राहतात, पण डॅशबोर्ड मात्र मरतो: इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. चावीच्या जुडग्याला घराच्या, दुकानाच्या आठ चाव्या लटकवल्या की त्या वजनाने लॉक आणि स्विच लवकर ढिले होतात.

आणि सगळंच एका झटक्यात जातं, चावी सोडल्यावरही कधी येतं कधी येत नाही, वायर हलवली की येतं: ही आपली तक्रार. सगळंच जातं याचा अर्थ दोष सामाईक वाटेवर आहे, म्हणजे जिथून सेल्फ आणि बाकी गाडी दोघांनाही वीज मिळते तिथे. ही वाट फार लांब नसते. बॅटरीच्या आतले सेल, दोन पोल, दोन टर्मिनल (पोलभोवती आवळलेल्या कड्या), टर्मिनलमध्ये दाबलेली वायरीची टोकं आणि निगेटिव्ह वायर जिथे बॉडीला बोल्टने बसते ती जागा. बहुतेक वेळा इथेच संपतं.

पायरी २: हाताने पिळून बघा

गाडी बंद ठेवून दोन्ही टर्मिनल हाताने, फक्त हाताने, पिळून बघा. जराही फिरलं तर ढिलं आहे. हातोडीने ठोकून बसवू नका. पोलच्या मुळाशी बॅटरीचं कव्हर तडकतं आणि तिथून ॲसिड झिरपायला लागतं.

बॅटरी बदलताना होणारी एक गडबड इथेच सापडते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांच्या बॅटरीला बारीक पोल असतात, मोठ्या गाड्यांच्या बॅटरीला जाड. टर्मिनल जाड पोलचं आणि बॅटरी बारीक पोलची बसवली की मध्ये पत्र्याची पट्टी किंवा तांब्याची तार कोंबून काम भागवतात. ते काही महिने चालतं आणि मग पावसाळ्यात दगा देतं. अशी पट्टी दिसली तर योग्य मापाचं टर्मिनल बसवून घ्या.

पांढरी किंवा निळसर-हिरवी पावडर साचली असेल तर ती काढायचीच आहे, पण आत्ता नको. आधी मोजा. साफ केल्यावर दोष तात्पुरता दबतो आणि खरा कुठे होता ते कळतच नाही. हे मी अनुभवावरून सांगतो आहे; माझी नवी बॅटरी पाच महिने 'गुणकारी' ठरली ती यामुळेच. ती बसवताना वायर हलली, टर्मिनल घासलं गेलं, आवळलं गेलं आणि श्रेय बॅटरीला मिळालं.

पायरी ३: स्थिर व्होल्टेज

मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) मीटरच्या व्होल्टच्या भोकातच आहे ना, ते बघा. १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि बॅटरीला लावली तर थेट शॉर्ट होतं.

गाडी काही तास उभी असावी. नुकतीच चालवलेली असेल तर पार्किंग आणि हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. मग प्रोब थेट पोलवर टेकवा, टर्मिनलवर नाही. पोल म्हणजे बॅटरीतून वर आलेला शिशाचा गोल खुंट. टर्मिनल म्हणजे त्याच्याभोवतीची कडी. दोन्ही चिकटून असतात, पण आपला दोष कित्येकदा त्या दोघांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत लपलेला असतो.

१२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावून भरा आणि मगच पुढे जा; उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची मापं फसवतात.

पायरी ४: चावी फिरवताना पोलवर काय राहतं

हाच निर्णायक क्षण आहे. प्रोब पोलवरच घट्ट दाबून धरा आणि आतल्या माणसाला म्हणा, 'मार सेल्फ.' आकड्यावरची नजर हलवू नका.

गाडीत अंधार झाला आणि पोलवर १२ किंवा त्याहून जास्त तसेच राहिले: बॅटरी निर्दोष. टाकी भरलेली आहे, पाइप तुंबलाय. पायरी ५ कडे चला.

आकडा ९.६ च्या खाली घसरला, आठ-नऊवर रेंगाळला: बॅटरी थकलीय किंवा सेल्फ जाम होऊन प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा आणि बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टरवर तपासून घ्या. बॅटरी पास झाली तर सेल्फ उतरवून बुश आणि कार्बन बघावे लागतील. चांगली बॅटरी सेल्फ फिरवतानाही साधारण १० ते ११ धरून ठेवते.

आकडा एकदम दोन-तीन व्होल्टवर किंवा शून्यावर कोसळला आणि चावी सोडताच पुन्हा १२ वर आला: बॅटरीच्या आतली सेल जोडणारी पट्टी किंवा तिचं वेल्डिंग तुटलंय. भाराशिवाय टोकं एकमेकांना टेकून असतात, म्हणून मीटरला १२.६ दिसतात आणि दुकानात 'बॅटरी फुल आहे' असं ऐकायला मिळतं. इथे मात्र बॅटरी खरोखर बदलायचीच. आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघू नका. त्या तुटलेल्या जागी आतल्या आत ठिणगी पडते, भोवती हायड्रोजन असतो, आणि बॅटरी फुटण्याच्या घटना अशाच घडतात.

पायरी ५: व्होल्ट कुठे गळतात ते एकेक तुकडा मोजून शोधा

आता मीटर बॅटरीच्या दोन टोकांना नाही, तर एकाच वायरीच्या दोन टोकांना लावायचा. सांधा चांगला असेल तर सेल्फ मारतानाही दोन्ही टोकांमध्ये जवळजवळ शून्य दिसतं. जिथे व्होल्ट दिसतील, तिथेच ते अडलेत. सवयीने हे उलटं वाटतं, कारण आपण आकडा दिसला की खूश होतो. इथे आकडा दिसणं म्हणजे चोर सापडणं.

सुरुवात निगेटिव्हपासून करा, पावसाळी भागात तर नक्कीच. एक प्रोब निगेटिव्ह पोलच्या मधोमध, दुसरी टर्मिनलच्या कडीवर, मग चावी. ०.१ व्होल्टच्या आत ठीक. मग दुसरी प्रोब बॉडीवरच्या बोल्टवर न्या, मग बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यावर, मग इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या जागी. पोलपासून इंजिनपर्यंत सगळं मिळून ०.२ ते ०.३ च्या आत असायला हवं. तसंच प्लसच्या बाजूला: पोल ते कडी, कडी ते फ्यूजबॉक्सकडे जाणाऱ्या वायरीचं टोक, आणि हात पोहोचत असेल तर पोल ते सेल्फवरचा जाड बोल्ट. या बाजूला एकूण ०.५ पर्यंत चालतं. प्लसच्या बाजूची प्रोब बॉडीला लागू देऊ नका. आणि ही वरची मापं सेल्फ फिरतोय अशा वेळची आहेत. अंधार झालेला असताना करंटच तुटपुंजा असतो, त्यामुळे तेव्हा निर्दोष सांधे शून्य दाखवतात आणि दोषी सांधा जवळजवळ सगळे व्होल्ट एकटा गिळतो.

माझ्या गाडीत निगेटिव्ह पोल ते कडी ०.०० आलं. कडी ते बॉडीच्या बोल्टचं डोकं: ११.४. मीटर चुकला असेल म्हणून मुलीला पुन्हा चावी फिरवायला लावली. पुन्हा ११.४. म्हणजे सगळे व्होल्ट वीतभर लांबीच्या एका काळ्या वायरीत मुरत होते. वायर बाहेरून नवीकोरी दिसत होती. बोल्टकडच्या लगजवळ (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळ) ती बोटांनी दाबली तर रबराच्या आत कुरकुरल्यासारखं लागलं. ब्लेडने आवरण उभं चिरलं आणि आतून हिरवी भुकटी सांडली. तांब्याच्या सगळ्या तारा सडून गेल्या होत्या. शाबूत पाच-सहाच, त्याही केसासारख्या. केबिनचा दिवा, घड्याळ, सेंट्रल लॉक सगळे त्या पाच-सहा तारांवर चालत होते. चिपळूणची खारी, दमट हवा लगच्या उघड्या तोंडातून आत शिरली होती आणि वर्षानुवर्षं तारा खात होती.

प्लसच्या बाजूला अजून एक जागा आवर्जून बघा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत प्लस टर्मिनलवरच प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यात नटांनी आवळलेले मोठे मुख्य फ्यूज असतात. सेल्फची जाड वायर त्यांना वगळून थेट जाते, बाकी गाडी त्या फ्यूजमधून चालते. सोलेनॉइडला खेचणारी वीजही तिथूनच येते. त्यामुळे फ्यूजला केसाएवढी चीर असेल किंवा नट ढिला असेल, तर नुसती चावी फिरवल्यानेच डॅशबोर्ड विझतो आणि सेल्फपर्यंत हुकूम पोहोचतच नाही. फ्यूजच्या दोन्ही टोकांना प्रोब लावून चावी फिरवली की लगेच कळतं.

अर्थवर संशय असेल तर मीटरशिवायही एक पडताळा आहे. जंपर केबलचं एक टोक निगेटिव्ह पोलला, दुसरं इंजिनच्या मोकळ्या धातूला लावा. सेल्फ गरकन फिरला तर दोष अर्थच्या वाटेवर पक्का. पण दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून जंप स्टार्ट केल्याने गाडी सुरू झाली म्हणजे आपली बॅटरी गेली, असा अर्थ काढू नका. चिमटा टर्मिनलच्या कडीला चावला की खराब सांध्याला बगल मिळते आणि गाडी सुरू होते. कित्येक चांगल्या बॅटऱ्या यामुळे मोडीत जातात.

पायरी ६: दुरुस्ती

आधी निगेटिव्ह सोडवा, मग प्लस. बसवताना आधी प्लस, शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्ह सुटलेलं असलं की प्लसवरचा पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, म्हणून हा क्रम.

कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून टर्मिनलवर ओता. फसफसून पावडर निघते. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा सेलमध्ये जाता कामा नये. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं करा. पोल बाहेरून आणि कडी आतून पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासा. कोरडं बसवून आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

बॉडीचा बोल्ट पूर्ण काढून लगखालचा गंज आणि रंग घासा. वायर आतून सडली असेल तर तिला टेप गुंडाळू नका, मधूनच कापून जोडही देऊ नका. ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात तेवढ्याच किंवा जास्त जाडीची तयार वायर मिळते, किंवा लग यंत्राने दाबून करून देतात. लगच्या तोंडावर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवून घ्या, कारण पाणी तिथूनच शिरतं.

बॅटरी सोडल्यानंतर रेडिओ कोड मागू शकतो, काचांची ऑटो सेटिंग जाऊ शकते, पहिली काही मिनिटं इंजिन थोडं वरखाली चालू शकतं.

पायरी ७: पुन्हा मोजा

पायरी ५ मधली सगळी मापं परत घ्या. माझ्याकडे नवी वायर बसवल्यावर पोलपासून इंजिनपर्यंत ०.१२ आलं. मग पंपाचा फ्यूज बसवून गाडी सुरू करा आणि पोलवर बघा: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर बॅटरी नीट भरतोय. तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत आताच्या गाड्यांवर वापरू नका, कुणाला करूही देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

मी ती सगळी मापं कागदी टेपवर तारखेसकट लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहेत. दरवर्षी मिरग लागण्याआधी एकदा मोजतो आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहितो. या मे महिन्यात ०.१४ होतं.